घरगुती फ्लाइट सिम्युलेटरमधील विमानतळ भूसेवा : एक ऐतिहासिक अभ्यास (१९८२ ते २०२४)

प्रस्तावना

विमानवाहतुकीचा इतिहास बहुतांशी विमान, वैमानिक आणि आकाश या तीन घटकांभोवती लिहिला गेला आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या उड्डाणापासून जेट युगापर्यंतच्या या इतिहासात जमिनीवर काम करणारा माणूस क्वचितच दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रवासी विमान दोन उड्डाणांमधील काळ विमानतळाच्या ॲप्रनवर उभे असते आणि त्या अवधीत त्याच्याभोवती मोठी धावपळ चालू असते. चाकांना उटी लावल्या जातात, बाहेरून वीज जोडली जाते, एरोब्रिज किंवा शिडी लावून प्रवासी उतरवले जातात, सामान काढले व भरले जाते, टँकरमधून इंधन घेतले जाते, खाद्यपदार्थ चढवले जातात आणि अखेरीस ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलून मार्गावर आणतो. या सर्व कामांना एकत्रितपणे 'ग्राउंड हँडलिंग' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'भूसेवा' ही संज्ञा वापरली आहे.

घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा अनुभव देणाऱ्या प्रणाली, म्हणजेच फ्लाइट सिम्युलेटर, गेली चार दशके प्रचलित आहेत. त्यांच्या आरंभीच्या आवृत्त्यांत भूसेवेला जवळजवळ स्थान नव्हते. पुढे मूळ प्रणालीला जोडता येणाऱ्या आणि स्वतंत्रपणे मिळणाऱ्या पूरक प्रणाली निघाल्या. व्यवहारात त्यांना 'ॲड-ऑन' म्हणतात. त्यांपैकी काहींचा विषय केवळ भूसेवा हाच होता. वरवर पाहता हा छांदिष्टांच्या जगातील एक लहानसा कोपरा आहे. तथापि एखादे माध्यम 'वास्तव' म्हणून कोणती गोष्ट आधी स्वीकारते आणि कोणती सर्वांत शेवटी, या प्रश्नाच्या दृष्टीने हा कोपरा महत्त्वाचा ठरतो. सिम्युलेटरच्या इतिहासात यंत्र प्रथम आले, निसर्ग त्यानंतर आला आणि श्रम सर्वांत शेवटी आले. आणि श्रम आले तेव्हाही कामाची पद्धत आली, काम करणारा माणूस मात्र पूर्णांशाने आला नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका : लिंक ट्रेनर

सिम्युलेटरची मूळ कल्पना संगणकापूर्वीची आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये वापरले जाणारे भाते आणि हवेचे पंप यांच्या साहाय्याने लिंक यांनी १९२९ च्या सुमारास हलणारे, झुकणारे प्रशिक्षणयंत्र तयार केले. प्रारंभी त्याकडे करमणुकीचे साधन म्हणूनच पाहिले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपाल वाहण्याचे काम आले. खराब हवामानात केवळ उपकरणे पाहून विमान चालविण्याचा सराव नसल्याने अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात हे यंत्र वैमानिक-प्रशिक्षणाचा अविभाज्य भाग बनले.

या जन्मकथेतून सिम्युलेटरचे पुढील रूप निश्चित झाले. ढगात सापडलेल्या वैमानिकाला उपकरणांवर विश्वास ठेवण्यास शिकविणे, ही त्याची गरज होती. त्यामुळे सिम्युलेटर म्हणजे एक बंद खोली, समोर उपकरणे आणि आत एकटा वैमानिक, असे समीकरण रूढ झाले. या खोलीबाहेर कोणी माणूस असण्याचे कारणच नव्हते.

धावपट्टीवरील आरंभ : १९८२ ते २००३

घरगुती सिम्युलेटरने हेच समीकरण वारशाने घेतले. इलिनॉय विद्यापीठात शिकलेले ब्रूस आर्टविक यांनी उड्डाणाच्या संगणकीय चित्रणावर काम करून 'सबलॉजिक' ही संस्था स्थापन केली. ॲपल-२ संगणकासाठीच्या त्यांच्या प्रणालीनंतर १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'ची पहिली आवृत्ती बाहेर पडली. अवघ्या ६४ किलोबाइट स्मृतीत चालणाऱ्या या प्रणालीत क्षितिजरेषा, काही इमारतींच्या बाह्यरेषा आणि विमानाचा उपकरणफलक एवढेच मावत होते.

या आवृत्तीचा आरंभबिंदू येथे लक्षात घेण्याजोगा आहे. प्रणाली सुरू होताच वापरकर्ता शिकागोच्या तळ्याकाठी असलेल्या मेग्ज फील्ड या लहान विमानतळावर, थेट धावपट्टीवर, इंजिन चालू असलेल्या विमानात बसलेला असे. विमान तेथे कोणी आणले, त्यात इंधन कोणी भरले, हे प्रश्न उद्भवतच नसत. त्या काळातील इंधन-व्यवस्थाही बोलकी आहे. जमिनीवर एक चौकोन आखलेला असे. त्यावर विमान नेऊन थांबविले की टाकी आपोआप भरे. एका संपूर्ण व्यवसायाची जागा एका चौकोनाने घेतली होती. तत्कालीन संगणकाची क्षमता पाहता यात आश्चर्य नाही. पण मर्यादित क्षमतेत काय ठेवायचे आणि काय वगळायचे, याची निवड करावीच लागते आणि त्या निवडीत अग्रक्रम दिसून येतो.

पुढील दोन दशकांत संगणकाची क्षमता अनेक पटींनी वाढली. वाढीव क्षमता प्रामुख्याने भूप्रदेश, ढग, प्रकाश आणि विमानाची अंतर्गत यंत्रणा यांवर खर्च झाली. २००१ च्या आवृत्तीत वाहतूक नियंत्रकाशी संवाद आणि इतर विमानांची वर्दळ यांचा समावेश झाला. २००३ मध्ये विमानोड्डाणाच्या शताब्दीनिमित्त आलेल्या आवृत्तीत विमान मागे घेण्याची सोय होती. मात्र कळ दाबताच विमान स्वतःहून मागे सरकत असे, ढकलणारा ट्रॅक्टर दिसत नसे. क्रिया होती, पण कर्ता अदृश्य होता. योगायोगाने त्याच वर्षी मार्चअखेरीस शिकागोच्या महापौरांच्या आदेशाने मेग्ज फील्डची खरी धावपट्टी रातोरात खोदण्यात आली. ज्या जागेवरून लाखो वापरकर्त्यांनी पहिले आभासी उड्डाण केले ती जागा प्रत्यक्षात नष्ट झाली आणि सिम्युलेटरमधील उड्डाणाचा आरंभबिंदूही हळूहळू धावपट्टीवरून ॲप्रनकडे सरकू लागला.

भूसेवेची मागणी का निर्माण झाली ?

या बदलामागे तीन कारणे दिसतात. पहिले कारण विमानांच्या तपशीलवार प्रतिकृतींचे आहे. स्वतंत्र निर्मात्यांनी बोइंग आणि एअरबस विमानांच्या अशा प्रतिकृती विक्रीस आणल्या, की ज्यांत वीजप्रवाहापासून इंधनपंपापर्यंत प्रत्येक यंत्रणा चालवावी लागे. पूर्ण बंद स्थितीतील विमान एकेक कळ दाबून सुरू करणे हा छंदाचा मुख्य आनंद बनला. आता वीज हवी तर ती बाहेरून कोणीतरी जोडायला हवी, इंधन हवे तर टँकर यायला हवा. यंत्राचा तपशील जसजसा वाढला तसतशी बाहेरच्या माणसाची उणीव जाणवू लागली.

दुसरे कारण सामूहिक उड्डाणाचे आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या 'वॅटसिम' या आंतरजालावरील जाळ्यात जगभरचे हौशी वैमानिक आणि हौशी वाहतूक नियंत्रक एकत्र येऊ लागले. तेथे विमान मागे ढकलण्यासाठी नियंत्रकाची रीतसर परवानगी मागावी लागते. परवानगी मागायची आणि ढकलणारे वाहनच नाही, ही विसंगती खटकणारी होती.

तिसरे कारण व्यापारी स्वरूपाचे आहे. मायक्रोसॉफ्टने आपली प्रणाली बाहेरच्या निर्मात्यांना खुली ठेवली होती. मूळ कंपनीने जे रिकामे ठेवले ते भरून विकण्याचा एक व्यवसाय त्यातून उभा राहिला.

पहिला टप्पा : निवडक विमानतळांची भूसेवा

२००३ च्या आवृत्तीसाठी 'एअरोसॉफ्ट' या जर्मन प्रकाशन संस्थेमार्फत 'एअरपोर्ट एन्हान्समेंट सर्व्हिसेस' म्हणजेच 'एईएस' ही पूरक प्रणाली उपलब्ध झाली. तिच्यामुळे एरोब्रिज प्रत्यक्ष हलून विमानाच्या दाराला लागू लागले, मार्शलर हातवारे करून विमान जागेवर आणू लागला, टँकर व खाद्यपदार्थांच्या गाड्या येऊ लागल्या आणि ट्रॅक्टर विमान ढकलू लागला.

तिची विक्रीपद्धती विशेष उल्लेखनीय आहे. वापरकर्ता 'क्रेडिट' विकत घेई आणि ते खर्चून एकेका विमानतळावरील सेवा खुली करून घेई. प्रत्येक विमानतळाची मांडणी निर्मात्याला हाताने जुळवावी लागत असल्याने ज्या विमानतळांच्या चांगल्या प्रतिकृती बाजारात होत्या तेथेच ही सेवा मिळे. परिणामी आभासी भूसेवेचा नकाशा हा ग्राहकांच्या आवडीचा आणि क्रयशक्तीचा नकाशा बनला.

२००६ मध्ये आलेल्या 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने प्रथमच हलणारे एरोब्रिज, इंधनगाड्या व सामानवाहू गाड्या मूळ प्रणालीत समाविष्ट केल्या. मात्र त्यांचे स्वरूप प्राथमिक होते. याच आवृत्तीत 'सिमकनेक्ट' नावाचा दुवा देण्यात आला. त्याद्वारे बाहेरच्या प्रणालींना सिम्युलेटरशी सुरळीत संवाद साधता येऊ लागला. पुढील घडामोडींच्या दृष्टीने ही बाब त्या गाड्यांपेक्षा अधिक निर्णायक ठरली.

दुसरा टप्पा : सार्वत्रिक भूसेवा

जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली घडविणारा 'एसेस स्टुडिओ' बंद केला. २०१२ मध्ये आलेले 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट' बाहेरच्या निर्मात्यांना खुले नव्हते आणि त्याच वर्षी त्याचा विकास थांबविण्यात आला. दरम्यान लॉकहीड मार्टिन या कंपनीने मूळ तंत्रज्ञानाचे हक्क घेऊन २०१० मध्ये 'प्रिपेअर थ्री-डी' ही प्रणाली आणली. मूळ कंपनीने पाठ फिरवल्यानंतर या छंदाचा विकास मुख्यतः ॲड-ऑन निर्मात्यांनीच पुढे नेला.

याच पोकळीत २०१२ मध्ये 'एफएसड्रीमटीम' या संस्थेने 'ग्राउंड सर्व्हिसेस एक्स' म्हणजेच 'जीएसएक्स' ही प्रणाली आणली. तिचे वैशिष्ट्य असे की, सिम्युलेटरमधील विमानतळाच्या मांडणीची नोंद वाचून ती कोणत्याही विमानतळावर आपोआप काम करू शके. एकेका विमानतळासाठी स्वतंत्र जुळवणीची अट संपली. प्रवासी चढविणे-उतरविणे, सामान, खानपान, इंधन आणि पुशबॅक या कामांचा क्रम एका यादीतून मागवता येऊ लागला. पुशबॅकच्या वेळी जमिनीवरील कर्मचारी हेडफोनवरून वैमानिकाला ब्रेक सोडण्यास सांगतो, पुढील चाकाची दिशायंत्रणा निष्क्रिय करणारी पिन लावल्याची सूचना देतो, असे संवादही त्यात आले. २०१८ च्या दुसऱ्या पायरीत एरोब्रिजचे चलन आणि चालत येणारे प्रवासी यांची भर पडली.

सार्वत्रिकतेमुळे नागपूर किंवा पुण्यासारख्या विमानतळांनाही आभासी भूसेवा लाभली. मात्र ही सेवा मूलतः साच्यातील होती. प्रत्यक्षात प्रत्येक देशाची, नव्हे प्रत्येक विमानतळाची, भूसेवा वेगळी असते. भारतात इंडिगो कंपनीने पायऱ्यांच्या शिडीऐवजी उतरत्या रॅम्पचा वापर रूढ केला, हे त्याचे सहज दिसणारे उदाहरण. असा स्थानिक विशेष कोणीतरी मुद्दाम तयार करून घातल्याशिवाय साच्यात येत नाही. ही उणीव पुढे अनेक वापरकर्त्यांनी आपापल्या परिचित विमानतळांच्या जुळण्या तयार करून, त्या विनामूल्य वाटून, काही अंशी भरून काढली.

तिसरा टप्पा : मूळ प्रणालीत प्रवेश

ऑस्टिन मेयर यांच्या 'एक्स-प्लेन' या प्रतिस्पर्धी प्रणालीच्या २०१७ मधील अकराव्या आवृत्तीत भूसेवेच्या गाड्या अंगभूत होत्या. त्याच सुमारास तिच्यासाठी 'बेटर पुशबॅक' ही विनामूल्य पूरक प्रणाली निघाली. तिच्यात विमान कोणत्या मार्गाने मागे न्यायचे हे नकाशावर आखता येते. ऑगस्ट २०२० मध्ये फ्रान्समधील 'असोबो स्टुडिओ'ने घडविलेली मायक्रोसॉफ्टची नवी आवृत्ती आली. तिच्यात एरोब्रिज, इंधन, सामान, खानपान आणि पुशबॅक या सेवा आरंभापासून होत्या. तरीही २०२२ मध्ये 'जीएसएक्स प्रो' बाजारात आले आणि त्याला मोठा ग्राहकवर्ग लाभला. अंगभूत सेवा दिसण्यापुरती आहे, कामाचा क्रम तीत पुरेसा नाही, अशी जाणकार वापरकर्त्यांची धारणा त्यामागे होती. नोव्हेंबर २०२४ च्या आवृत्तीत तर वैमानिक विमानाबाहेर येऊन, भोवती फिरून, त्याची पाहणी करू शकतो. १९८२ मध्ये धावपट्टीवर सुरू होणारे उड्डाण अशा रीतीने विमानाच्या चाकापाशी, जमिनीवर, येऊन पोहोचले.

प्रत्यक्षातील भूसेवा आणि जोखीम

भूसेवा ही उड्डाणाची केवळ पूर्वतयारी नसून सुरक्षिततेचा भाग आहे, याची साक्ष विमान-अपघातांचा इतिहास देतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील लोस रोदेओस विमानतळावर दोन बोइंग ७४७ विमानांची धडक होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची अनेक कारणे होती. त्यांत एक प्रसंग इंधनाचा आहे. केएलएमच्या विमानाने तेथे सुमारे ५५ हजार लिटर इंधन घेतले. तेवढा वेळ त्याच्यामागे अडकलेल्या पॅन ॲमच्या विमानाला पुढे जाण्यास वाट नव्हती आणि त्या विलंबात धुके दाटत गेले.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान हवेतच इंधनाशिवाय उरले. इंधनमापक नादुरुस्त असल्याने जमिनीवर हिशेब करून इंधन भरले गेले होते. आवश्यकता २२,३०० किलोग्रॅमची होती आणि हिशेब पौंडांत झाल्याने विमानात निम्म्याहून कमी इंधन होते. वैमानिकांनी विमान गिम्ली येथील जुन्या हवाईतळावर तरंगत उतरवले आणि सर्व प्रवासी बचावले.

१६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर पुशबॅकच्या वेळी विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन एका तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. सिम्युलेटरमध्ये जे काम हेडफोनवरील चार वाक्यांत आटोपते त्याच कामावर असताना या कामगाराने प्राण गमावले.

या तिन्ही घटना समोर ठेवून आभासी भूसेवेकडे पाहिले असता तिचे खरे स्वरूप स्पष्ट होते. सिम्युलेटरमधील टँकर मागितले तेवढेच इंधन अचूक भरतो. किलो आणि पौंड यांचा घोळ त्याच्या हातून होत नाही. सामान भरणारी आकृती थकत नाही, तिची पाळी संपत नाही, मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटचा तिला चटका बसत नाही. चालू इंजिनासमोरून ती गेली तरी तिला काहीही होत नाही. विमानाच्या इंजिनातील बिघाड, बर्फ, वादळ, पक्ष्यांची धडक या संकटांचे चित्रण सिम्युलेटर हौसेने करतो. म्हणजे यंत्र आणि निसर्ग चुकू शकतात, बिघडू शकतात, हे या माध्यमाने मान्य केले आहे. जमिनीवरील माणूस मात्र त्यात निर्दोष आणि अवेध्य आहे. ज्याच्याकडून चूक होऊ शकत नाही आणि ज्याला इजा होऊ शकत नाही, त्याला माणूस म्हणून चित्रित केले आहे असे म्हणता येत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. सिम्युलेटर हा शेवटी विरंगुळा आहे आणि त्यात कामगाराचा मृत्यू दाखविणे अभिरुचीला धरून होणार नाही. हा आक्षेप योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा आग्रहही तसा नाही. मुद्दा एवढाच की, 'वास्तवाच्या जवळ' अशी ज्याची प्रशंसा केली जाते ते वास्तव कोणाच्या जागेवरून पाहिलेले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ते वैमानिकाच्या खुर्चीतून पाहिलेले आहे. त्या खुर्चीतून भूसेवा म्हणजे वेळेवर येणारी, विचारल्यावर उत्तर देणारी आणि काम संपताच दृष्टीआड होणारी सोय दिसते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) घरगुती सिम्युलेटरमध्ये भूसेवेचा उशिरा झालेला प्रवेश केवळ संगणकाच्या मर्यादेमुळे नव्हता. क्षमता वाढल्यावरही ती प्रथम यंत्र आणि निसर्ग यांच्या चित्रणाकडे वळली. लिंक ट्रेनरपासून चालत आलेली 'एकटा वैमानिक' ही कल्पना त्याच्या मुळाशी होती.

२) भूसेवा तपशिलाने आली ती मुख्यतः मूळ कंपनीबाहेरील लहान निर्मात्यांमुळे आणि काही प्रमाणात विनामूल्य काम करणाऱ्या हौशी वापरकर्त्यांमुळे. २००९ ते २०२० या काळात मूळ प्रणालीचा विकास थंडावला असताना हे योगदान विशेष मोलाचे ठरले.

३) प्रथम निवडक विमानतळांपुरती, नंतर साच्याने सर्वत्र आणि अखेर मूळ प्रणालीचा भाग म्हणून, अशा तीन टप्प्यांतून ती गेली. प्रत्येक टप्प्यावर कामाची पद्धत अधिक अचूक झाली. कामगाराचे अस्तित्व मात्र आकृतीपुरतेच राहिले.

नाटक पाहताना प्रेक्षकाला नेपथ्य हलविणारे हात दिसू नयेत, असा रंगभूमीचा संकेत आहे. विमानप्रवासाचा संकेतही बराचसा तसाच आहे. खिडकीतून दिसणाऱ्या नारंगी जाकिटातील माणसाकडे प्रवाशाचे लक्ष क्वचितच जाते. भूसेवेच्या पूरक प्रणालींनी हा पडदा थोडा बाजूला केला, हे त्यांचे श्रेय निःसंशय आहे. विमान स्वतःहून मागे सरकत नाही, त्याला कोणीतरी ढकलावे लागते, ही साधी गोष्ट सिम्युलेटरच्या पडद्यावर दिसण्यास जवळजवळ पाव शतक लागले. ढकलणाऱ्याला तेथे अद्याप नाव नाही, वेतन नाही आणि इजाही नाही. विमानवाहतुकीचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकांनी तरी आपल्या लेखनात त्याला केवळ आकृती ठेवू नये, एवढी अपेक्षा या आढाव्याच्या अंती व्यक्त करणे उचित ठरेल.